अनोळखी माणूस, बंदूक आणि पंचेचाळीस दिवस

परवा आमच्या वस्तीतल्या एका पोरानं मला वडवणीच्या स्टँडवर गाठलं. जयभीम घातला, चहा पाजला आणि कानाशी लागून म्हणाला, "दादा, एक माणूस भेटणाराय. सामान दाखवतो म्हणलाय. परळी रोडच्या धाब्यावर, रात्री नऊच्या पुढं. तुम्ही संग चला. तुमचे पिकलेले केस बघून कुणी वंगाळ वागणार न्हाई."

सामान म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. बीड जिल्ह्यात ते शेंबड्या पोरालाही कळतं. गावठी कट्टा.

"माणूस वळखीचा हाय का?"

"न्हाई. मोबाईलवरच बोलनं झालंय."

"मग त्यो इकायला येणाराय का तुला धरायला, हे तुला कसं कळलं?"

पोरगं गप बसलं. ग्लासातला गाळ बघत राहिलं. मग म्हणालं, "दादा, त्यांच्याकडं हाय. आपल्याकडं न्हाई. मला एवढंच ठावं हाय."

धाब्यावर जाऊ नको, एवढं सांगायला अक्कल लागत नाही. ते मी सांगितलं आणि त्यानं ऐकलंही. पण "त्यांच्याकडं हाय, आपल्याकडं न्हाई" याला माझ्याजवळ तिथल्या तिथं उत्तर नव्हतं. घरी आलो, रात्रभर आज्याची गोष्ट आठवत राहिलो. मित्रांनो, बंदुकीचा इतिहास आपल्याला राजेरजवाड्यांच्या लढाया म्हणून शिकवला. बंदूक या हातातून त्या हातात कशी गेली, कुठल्या झाडाखाली, कुणाच्या साक्षीनं, किती ज्वारीला, हे कुणी लिहिलं नाही. ते लिहायचा हा प्रयत्न आहे.

माझा आजा येसकर. गाव वडवणीपासून दोन-तीन कोसांवर, बालाघाटाच्या अंगाला. मुलूख निजामाचा. गावचा वसूल तहसिलीला पोचवायचा तर संगं महार पाहिजे. खजिन्याची थैली त्याच्या जिवावर सोडायची, पण त्याच्या हातात काय? घुंगराची काठी. राखण करायची ती काठीनं, आणि मरायचं तेही काठी हातात धरूनच. बंदूक होती ती अरबाकडं, रोहिल्याकडं, जहागीरदाराच्या शिपायाकडं. सावकार आपल्या वसुलीला रोहिले ठेवायचे. म्हणजे बंदूक गावात यायची ती कर्ज वसूल करायला. आमच्या लोकांनी ती समोरून पाहिली, मागून कधी पाहिली नाही.

१९४८ साल उजाडलं तेव्हा या मुलखात बंदुकीला भलताच भाव आला होता. त्या साली तीन गिऱ्हाइकं बाजारात होती. तिन्हींची गोष्ट सांगतो.

पहिलं गिऱ्हाईक खुद्द निजाम. भारतानं नाकेबंदी केली होती, उघड शस्त्रं मिळत नव्हती. मग सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढं आला. याचा निजामाशी ना धर्माचा संबंध, ना देशाचा. पक्का अनोळखी माणूस. कराचीहून लँकास्ट्रियन विमानं भरून त्यानं बीदर-वरंगळला शस्त्रं उतरवली. पुढं विलायतेच्या कोर्टात या उद्योगाबद्दल त्याला दंड झाला, २०० पौंड. बस्स. जगातल्या एका अतिश्रीमंत माणसाला हत्यारं पुरवली, त्याची एवढीच शिक्षा. पैसेवाल्याला अनोळखी माणसाची भीती नसते, त्याच्या सौद्याला विमानतळ असतो.

दुसरं गिऱ्हाईक स्टेट काँग्रेस. हद्दीपलीकडं, नगर-सोलापूर-यवतमाळच्या बाजूला त्यांचे कँप होते. त्यांनाही बंदुका पाहिजे होत्या आणि बंदुकीला पैसा लागतो. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधींना गोळी घातली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. सुमारे वीस लाख रुपये. तो पैसा लढ्याच्या कामी गेला आणि त्याचा हिशेब पुढाऱ्यांना दिला गेला, असं मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत अभिमानानं लिहिलेलं असतं. लिहू द्या, रझाकारांच्या जुलमाशी ते लढले, हे खरंच आहे. पण माझ्या मनात एक वाकडा विचार येतो. त्या साली आमच्या वस्तीतल्या एखाद्यानं बँकेतून वीस रुपये उचलले असते, तर त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात गेलं असतं?

आमच्या माणसांची अवस्था त्यावेळी अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. हैदराबादेत बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात बसले होते, श्यामसुंदर निजामाच्या बाजूनं बोलत होते. इकडं बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून बजावलं होतं, की निजामाची बाजू घेऊ नका, भीतीपोटी धर्म बदलू नका. ते पत्रक आमच्या गावात पोचलं का? वाचणारा कोण होता? गावानं मात्र सोयीचं तेवढं ठरवून टाकलं, महार रझाकारांना सामील. सगळ्या महारांवर शिक्का.

आता तिसरं गिऱ्हाईक. माझा आजा.

१३ सप्टेंबरला फौजा आत आल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण गेला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, ते बरीच वर्षं कपाटात बंद होतं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती नेहरूंनी पाठवली होती. त्यांचा अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१३ साल उजाडावं लागलं. त्यात मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे, बहुतेक सारे मुसलमान. आणि त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिचा आपल्या विषयाशी थेट संबंध: मुसलमानांची हत्यारं काढून घेतली गेली, हिंदूंची पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडंच राहिली. म्हणजे बंदुका गोळा करतानासुद्धा सरकारनं माणूस बघितला.

त्या दिवसांतल्या एका रात्री एक माणूस आमच्या मसणवट्याजवळ आला. परळीच्या अंगानं चालत आलेला, दाढी कापलेली, डोक्याला धोतराचा फाटका तुकडा. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक. गावात शिरला असता तर मेला असता. मसणवट्यात का थांबला? तिथं रात्री सवर्ण येत नाही. तिथं आलाच तर महार येणार, हे त्याला ठाऊक होतं. आज्याला कुत्र्यांच्या आवाजानं जाग आली, काठी घेऊन गेला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. दोघंही एकमेकांना भ्यालेले. आजा सांगायचा, "त्येच्या हातात बंदूक हुती आन् त्योच माझ्या काठीला भेत हुता."

आज्यानं बंदूक जमिनीवर ठेवायला सांगितली आणि आपणही काठी खाली टाकली. मधी दहा पावलं सोडून दोघं उकिडवे बसले. माणूस म्हणाला, ही ठेव, मला खायला दे. त्याची बायको-लेकरं धारूरच्या वाटेला कुठंतरी ओढ्यात दडली होती. सौदा ठरला: दोन पायल्या ज्वारी, चार भाकरी आणि पहाट व्हायच्या आत घाटाच्या आडवाटेला लावून देणं. आज्यानं तिन्ही केलं. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. "नाव कळलं तर उद्या मार खाताना तोंडातून निघंल," असं त्याचं म्हणणं.

आजा दयेपोटी गेला असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, दया होतीच, पण त्याला बंदूक पाहिजेही होती. म्हातारपणी हे सांगताना त्याचे डोळे वेगळे व्हायचे. तीन रात्री ती बंदूक कडब्याच्या गंजीत होती. तीन रात्री तो झोपला नाही.

चौथ्या दिवशी पाटलाची माणसं आली. कुणी सांगितलं, देव जाणे. लाथा घालून बंदूक काढली. चावडीवर उभं करून त्याच्याकडून वदवून घेतलं, की बंदूक मला रस्त्यात सापडली आणि मी ती इमानानं पाटलाच्या हवाली केली. एका सुगीचं बलुतं बंद केलं ते वेगळं. बंदूक वाड्यावर गेली. पुढं कागदपत्रं झाली, परवाना निघाला आणि ती वाड्याची वडिलोपार्जित बंदूक झाली. दोन पायल्या ज्वारी कोणी दिली, हे कुठल्या कागदावर येणार?

तर हा तीन गिऱ्हाइकांचा हिशेब. पहिल्यानं विमानानं आणली, दुसऱ्यानं बँक फोडून पैसा उभा केला, तिसऱ्यानं लेकरांच्या तोंडची ज्वारी दिली. हातातून हिसकावून घेतली गेली ती फक्त तिसऱ्याच्या.

कुणी म्हणेल, हत्यारबंदी इंग्रजांनी आणली. आर्म्स ॲक्ट १८७८ चा, लिटनच्या काळातला. त्यात गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, म्हणून राष्ट्रीय पुढारी पन्नास वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होते. बरोबरच होतं त्यांचं. पण आमच्यावरची हत्यारबंदी १८७८ ची नव्हती. ती कुठल्या गॅझेटात छापली नव्हती, ती मनूच्या काळापासूनची. उलट इंग्रजांच्याच पलटणीत महारांनी बंदूक खांद्यावर घेतली, १८१८ साली कोरेगावला ती चालवली. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, की आमचा हक्क का काढता? पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली, १९२१ ला मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ला, पुन्हा महार रेजिमेंट. कामापुरता मामा. पण त्या रेजिमेंटमुळं एक झालं. आपल्या घराघरांत असा माणूस तयार झाला, ज्यानं बंदूक सहीनिशी घेतली आणि सहीनिशी परत केली. या सहीचं महत्त्व पुढं येईल.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलना'त हा प्रश्न स्वच्छ मांडलाय. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही? कारण चातुर्वर्ण्यानं खालच्यांच्या हातात शस्त्र येऊ दिलं नाही आणि शस्त्राशिवाय बंड होत नाही. हे आपल्या पोरांना तोंडपाठ असतं. भाषणात टाळ्या पडतात. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ च्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या आज्याची बंदूक हिसकावल्यावर तीनच महिन्यांनी, घटना समितीत काय सांगितलं, ते कुणी सांगत नाही. ह. वि. कामत यांची मागणी होती, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं तो मागितला होता. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन हवी ती मारायची साधनं बिनदिक्कत विकत घेता आली, तर राज्य चालणार कसं? आणि आता प्रश्न व्यक्तीच्या हक्काचा नसून कर्तव्याचा आहे, देशाला गरज पडेल तेव्हा शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा.

हे वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो. १९३६ चे बाबासाहेब खरे का १९४८ चे? मग आज्याचा मसणवटा डोळ्यापुढं आला. बाजार म्हणजे काय? ज्याच्याकडं पैसा, ज्याच्याकडं विमान, ज्याच्याकडं माणसं, त्याचा बाजार. सगळ्यांना बंदुका खुल्या केल्या असत्या, तर दर वाड्यात दहा आल्या असत्या आणि महारवाड्यात एक, तीही चौथ्या दिवशी हिसकावली गेली असती. बाबासाहेबांना बाजार माहीत होता. म्हणून त्यांनी बंदूक बाजारातून काढून रजिस्टरात घातली. रजिस्टर बामणाच्या हातात असलं तरी ते वाचता येतं, त्याच्यावर भांडता येतं. धाब्यावरच्या सौद्यावर भांडता येतं का?

आता कायदा. कंटाळू नका, इथंच खरा मुद्दा आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. खाजगी माणसानं आपली परवान्याची बंदूक दुसऱ्या खाजगी माणसाला विकायची, तर त्याला दुकानदाराचा परवाना लागत नाही. कलम ५ तशी मुभा देतं. पण १९८३ च्या दुरुस्तीनंतर अट अशी, की विकणाऱ्यानं आधी लेखी कळवायचं, जिल्हा दंडाधिकाऱ्याला नाहीतर जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराला. मी बंदूक विकतोय, अमुक माणसाला, त्याचं नाव हे, पत्ता हा. आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडं त्या हत्याराचा परवाना पाहिजे, त्याचं वय एकवीसच्या वर पाहिजे. मग दोघांच्या परवान्यावर नोंद. पंचेचाळीस दिवस ही नुसती अडवणूक नाही. अनोळखी माणसाची ओळख पटायला कायद्यानं दिलेली ती मुदत आहे. कुणाला काही हरकत असेल, घेणाऱ्यानं मागं काही केलं असेल, तर ते या दिवसांत कळावं. दोघांनी भेटायचं तर ठाण्याच्या ओट्यावर भेटावं, भर दिवसा. तिथं कुणाच्या खिशात काय आहे, याची काळजी करायला लागत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या पोरांना तिथल्या पिक्चरचं आकर्षण. तिथं १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानं दुकानदारानं गिऱ्हाइकाची चौकशी करणं सक्तीचं झालं, पण खाजगी माणूस खाजगी माणसाला विकतो, तिथं देशाचा कायदा ती सक्ती करत नाही. काही राज्यं करतात, बरीच करत नाहीत. त्यामुळं शहाणी माणसं आपणहून बंदुकीच्या दुकानात भेटतात, दुकानदाराकडून चौकशी करवून घेतात, पावती करतात. म्हणजे तिथला शहाणा जे आपणहून करतो, ते आपल्याकडं कायद्यातच लिहिलंय. आणि एक विसरू नका. ज्या ब्लॅक पँथर्सवरून १९७२ ला आपल्या दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांनी १९६७ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत भरल्या बंदुका उघड्यावर नेल्या. त्या कायदेशीर होत्या. म्हणून काय झालं? त्याच साली मलफोर्ड कायदा करून भरलेली बंदूक उघड बाळगायलाच बंदी घातली. सही करणारा गव्हर्नर रेगन. गोऱ्यांच्या हातात होती तोवर बंदूक म्हणजे स्वातंत्र्य होतं.

परत आपल्या कायद्यावर येतो. कलम १४ मध्ये एक वाक्य आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावं. माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारला तर कारणं लेखी नोंदवायची, मागितली तर द्यायची, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. कचेरीतला बाबू तुम्हाला विचारतो, "जमीन किती? टॅक्स भरता का?" तेव्हा हे कलम पुढं करा.

उलट कलम ९ आपल्या विरोधात जातं, तेही बघा. शांतता राखण्याचा नाहीतर चांगल्या वर्तणुकीचा बाँड ज्याच्याकडून घेतलाय, त्याला त्या मुदतीत हत्यार घेता येत नाही. म्हणजे चॅप्टर केस. आंबेडकर जयंतीची मिरवणूक म्हणलं की चॅप्टर कुणावर? मोर्चा म्हणलं की चॅप्टर कुणावर? बंदुका मिरवणाऱ्या बारशा-लग्नांच्या पाहुण्यांवर कधी ऐकलाय का? बाँडच्या कागदावर मुकाट सही करणाऱ्या पोरांनो, तुम्ही काय काय गमावता, ते वाचून मग सही करत जा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. जिथं अत्याचार होण्याचा धोका आहे असा भाग निश्चित झाला, तिथं गरज वाटल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज पडल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यायचे. हे कुठल्या जहालाच्या पत्रकातलं वाक्य नाही, भारत सरकारच्या राजपत्रातलं आहे.

हा नियम एकदम आकाशातून पडला नाही. त्याच्या मागं १९७८ आहे. २७ जुलैला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. मी तेव्हा विशीतला. आम्ही पोरं रात्रभर वस्तीच्या तोंडाला दगडांचे ढीग करून बसायचो. आता एक गोष्ट थंड डोक्यानं बघा. त्या दंगलीत आपली माणसं मारली ती मुख्यतः कुऱ्हाडीनं, काठीनं, रॉकेलनं. बंदूक फारशी उडाली नाही. बंदुकीचं काम उडणं नव्हतंच. ती वाड्याच्या भिंतीवर टांगलेली असायची, आणि ती तिथं आहे हे वस्तीला ठाऊक असायचं. एवढ्यावर काम भागत होतं. वस्तीवर एक कट्टा आला असता तर पोचिराम वाचले असते का? मला नाही वाटत. पोलिसांना आपल्याच पोरांना आत टाकायला निमित्त मिळालं असतं.

मग डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला आणि जिल्ह्याचं नाव सगळ्या देशात गेलं. त्यानंतर पेपरात आकडा आला, बीड जिल्ह्यात परवानाधारक शस्त्रं बाराशेच्या वर. लोकांनी तोंडात बोटं घातली. पिस्तूल घेऊन नाचणाऱ्यांचे व्हिडिओ निघाले, काही परवाने रद्द झाले. सगळे विचारत होते, बाराशे का? मी विचारतो, त्या बाराशेत आपले किती? आणि नियम ३ खाली आजवर किती जमा झाले, किती दिले? हा आकडा कुठल्या चॅनलवाल्यानं मागितला नाही.

आता कट्ट्याचं. धाब्यावर येतो तो माणूस कोण असतो? एकतर नुसता ठग, पैसे घेऊन पळणारा. नाहीतर खबऱ्या, जो तुला देतो आणि तासाभरात तुझं नावही देतो, दोन्हीकडून कमावतो. नाहीतर खरोखरचा विक्रेता, आणि मग त्याच्या हातचा कट्टा कुठल्या खुनात वापरून झालाय, हे तुला कळायचा मार्ग नाही. गुन्हा त्याचा, जप्ती तुझ्याकडून. लोखंडाची गॅरंटी नाही ते वेगळं. कट्टा फुटून स्वतःचाच पंजा गेलेले लोक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा हत्यार बनवणं-विकणं याला किमान सात वर्षं ते जन्मठेप केलीय. आणि सापडतो कोण? सातपुड्याच्या पायथ्याला भट्टीवर नळी घडवणारा कारागीर, तो आपल्यासारखाच गावकुसाबाहेरचा. आणि घेणारं एखादं वस्तीतलं पोरगं. मधला दलाल नामानिराळा. पुण्याच्या बिल्डरकडं जातं ते सामान वेगळ्या गाडीनं जातं.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कायदा झाला. आपल्यातल्या कुणाला मिळालंय का हे?"

मग मी त्याला माझ्या चुलतभावाकडं नेलं. भाऊ फौजेतून रिटायर. तीन एकर कोरडवाहू, बालाघाटाच्या कुशीत. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उपसून टाकतात. कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्यानं अर्ज केला. कागद पुष्कळ फिरला, भाऊ त्याच्या मागं फिरला. फौजेत शिस्त शिकलेला माणूस, दर फेरीची तारीख वहीत. परवाना मिळाला.

तेवढ्यात २०१९ ची दुरुस्ती आली. एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत होती ती दोनवर आली, तिसरं वर्षभरात जमा करायचं. गावच्या पाटलाच्या नातवाकडं तीन होती: एक रिव्हॉल्व्हर, एक दुनळी आणि ती जुनी ठासणीची. रिव्हॉल्व्हर तो सोडणार नाही, दुनळी सोडणार नाही. ठासणीची जमा करून टाकतो, असं तो चावडीवर बोलला. भावाच्या कानावर आलं.

भाऊ त्याला रस्त्यात भेटला. "ती मला इका."

पाटलाचा नातू हसला म्हणे. "वाड्यावर ये, बघून घे."

"वाड्यावर नगं. ठाण्यात भेटू. तुम्ही परवाना घेऊन या, मी माझा आणतो."

तीन पिढ्या एका गावात राहिलेली दोन माणसं, एकाच आडनावाच्या मास्तरकडं शिकलेली, आणि व्यवहाराला अनोळखी. ठाण्याच्या ओट्यावर टेबल टाकलं होतं, करोनाचं साल, तोंडाला दोघांच्या मास्क. नातवानं अर्ज लिहिला. विकत घेणाऱ्याचं नाव लिहिताना थांबला. गावात आमच्या भावाला पाळण्यातल्या नावानं, तेही अर्धं तोडून हाक मारायची पद्धत. पूर्ण नाव त्याला माहीतच नव्हतं. भावानं सांगितलं, त्यानं लिहिलं. बापाचं नाव. आडनाव. राहणार भीमनगर. किंमत दीड हजार रुपये. पंचेचाळीस दिवस गेले, कुणाची हरकत आली नाही, दोन्ही परवान्यांवर नोंद झाली.

आज्याचीच ती बंदूक. दस्ता बदललाय, नळीला गंज आहे, पण आजा सांगायचा ती चापाजवळची तारेची बांधणी अजून आहे.

पोरानं पेटीतला कागद बाहेर काढून दोनदा वाचला. मग बंदूक हातात घेऊन बघितली, भावानं आधी रिकामी असल्याची खात्री करून दिली. जड लागली त्याला.

"काका, उडती का ही?"

"न्हाई."

"मग डुकरं कशी हाकलता?"

"पत्र्याचा डबा वाजवून," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. जिल्ह्यात १९९५ पासून नियम ३ खाली रद्द केलेले परवाने किती, अनुसूचित जाती-जमातींना दिलेले किती, नाकारलेले किती आणि नाकारण्याची लेखी कारणं काय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप त्या पोरानंच आणलं.